गॅसची गोळी

इतवाऱ्यातल्या एकाही ऑटोवाल्यानं मनकर्णाला तापीपलीकडे न्यायचं नाही, असं तिच्या पोटच्या लेकानंच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. ही गोष्ट तिला कळली ती चौथ्या ऑटोवाल्याकडून. पहिल्या तिघांनी सरळ थापा मारल्या. एकाचं चाक बसलं होतं, दुसऱ्याला शाळेतली पोरं आणायची होती, आणि तिसऱ्यानं तर तिला लांबून येताना बघूनच ऑटो वळवला. चौथा बिचारा नवा होता, त्याला खोटं बोलायचं सुचलं नाही.

"बाई, ललितभाऊ नही म्हणला. पुलावर तुमचा जीव घाबरते म्हणे. काही कमीजास्त झालं तर मी कुठी निस्तरू?"

"जीव माझा, घाबरते मी, आन् परवानगी ललितची?" मनकर्णा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुझी बायको माहेरी जाते तेव्हा माझ्या ललितले विचारून जाते का रे?"

स्टँडवरचे बाकीचे खो खो हसले. मनकर्णा हसली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. जैनाबादच्या पुढे तिची केळीची बाग होती, चार हजार खोडांची. नवरा गेला तेव्हा ललित कॉलेजात होता आणि बागेतलं ब की भ कुणाला कळत नव्हतं. मनकर्णा तिसरी शिकलेली. पण खताच्या पिशवीवरची अक्षरं बोट ठेवून ठेवून वाचायला शिकली, ठिबकच्या नळ्या स्वतः अंथरल्या, पान बघून झाडाचं दुखणं सांगायला लागली. आसपासचे बागवाले आपली पानं तोडून तिला दाखवायला आणायचे. आणि आज तिला तिच्याच बागेत जायला ऑटो मिळत नव्हता.

पुलावरची गोष्ट खरी होती, ती काही तिनं नाकारली नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी पुलाच्या मधोमध तिच्या छातीत असं फडफडलं, जणू पाखरू कोंडलंय आत. बोटं वाकडी होऊन आकड्यासारखी अडकली. आता आपण खाली नदीत पडणार असं वाटून तिनं ऑटो थांबवला आणि भर रस्त्यात बसकण मारली. लोक जमले, मोबाइल निघाले. ललित दुकान सोडून धावत आला.

त्याआधी वर्षभर तिची झोप उडाली होती. डावी पापणी सारखी लवायची. पोटऱ्यांत गोळे, वांब यायचे. भांडं पडलं तरी ती दचकून ओरडायची आणि मग ज्याच्या हातून पडलं त्याला दहा शिव्या घालायची. ललितचं इतवाऱ्यात मेडिकल होतं. त्यानं आधी झोपेची अर्धी गोळी सांगितली. मनकर्णानं ती नालीत फेकली. मग तो म्हणायला लागला, "आई, वय झालं. दिमागी टेन्शन आहे तुझं. आता आराम कर." आणि पुलानंतर तो तिच्याशी बोलायचाच बंद झाला, तिच्याबद्दल बोलायला लागला. तिच्या समोर, ती नसल्यासारखं.

मग शालिग्राम उगवला. तिचा धाकटा दीर. येत्या रविवारी येऊन तो बाग बटाईनं घेणार, असं काका-पुतण्यांनी ठरवूनही टाकलं. शालिग्राम म्हणाला होता, "वहिनीचं डोकं ठिकाणावर नही राह्यलं आता. बाग कोणी तरी पाहिली पाहिजे ना."

मनकर्णा सिंधीपुऱ्यातल्या घरी पायीच परतली. दारातच कडू बसलेला दिसला. बागेतला तिचा जुना सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, तिच्याच वयाचा. त्याच्या हातात केळीचं एक पान होतं, गुंडाळून आणलेलं. चेहरा असा, जणू घरात मयत झालीय.

"मोठी माय, हे पाह्य बरं."

तिनं पान उलगडलं. मधली शीर हिरवी, पण दोन्ही कडा पिवळ्या पडत आत सरकल्या होत्या. जुनं, खालचं पान. तिनं ते उन्हाकडे धरलं आणि कडूच्या अंगावर ओरडली.

"पोटॅश किती ओतलं रे?"

कडू पुटपुटला, "शालिग्रामभाऊ म्हणे घड वजनदार होतीन. खत आठवड्यातून दोनदा ठिबकातून सोडा म्हणे."

"त्यानं सांगतलं आन् तू सोडलं? बाग त्याची झाली अजून? अरे पोटॅशचा मारा केला की झाड मॅग्नेशियम घेत नही! जमिनीत पडेल राहते, पण मूळ उचलत नही. हे मी तुले किती डाव सांगतलं? पान पिवळं पडलं की लोक म्हणतीन पाणी कमी पडलं, खत कमी पडलं. कमी काहीच नही! घेऊ देत नही कोणी, ते पाह्य आधी!"

एवढं बोलून ती उठायला गेली आणि उजव्या पोटरीत असा वांब आला की ती उंबऱ्यावरच कोसळली. दोन्ही हातांची बोटं पुन्हा आकड्यासारखी वळली. तोंडाभोवती मुंग्या. कडू "माय वं, माय वं" करत तिथल्या तिथे फिरायला लागला.

आतून रंजिता धावत आली. रंजिता म्हणजे ललितची बायको. बोलणं कमी, हालचाल हळू. मनकर्णाच्या मते फारच हळू. तिनं सासूचे पाय ताणून धरले, बोटं एकेक करून मोकळी केली आणि मग मोबाइल काढला.

"ललितले लावू नको," मनकर्णा दात आवळून म्हणाली. "तो मले झोपवून टाकीन."

"ललितले नही लावू राह्यली," रंजिता म्हणाली. "ऑटो बोलावते. स्टेशनरोडवर एक डॉक्टरीण आली नवी. कडूकाका, तुम्ही बी चला."

सुनेनं नवऱ्याला न विचारता काही केल्याचं मनकर्णानं पहिल्यांदाच पाहिलं. पायात कळ होती म्हणून ती गप्प बसली, नाहीतर त्यावरही बोलली असती.

डॉक्टर हिमानी वयानं कोवळी होती. केस कसेतरी बांधलेले, डोळ्यांखाली काळं. मनकर्णाला ती बघताक्षणीच आवडली नाही.

"आजी, काय त्रास होतो?"

"आजी तुझी घरी ठेव. बाई म्हण."

"बरं, बाई." तिला राग आला नाही. नाडी पाहिली, छातीवर तारा लावून कागद काढला, आणि मग कानाच्या पुढे, गालावर, बोटानं टिचकी मारली. मनकर्णाच्या ओठाचा कोपरा आपोआप उडाला.

"मारते काय वं!"

"पुन्हा मारते, थांबा." पुन्हा टिचकी, पुन्हा ओठ उडाला. डॉक्टरनं ते लिहून घेतलं. "रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"कोणतीच नही," मनकर्णा ताठ बसली. "पोराचं गोळ्यांचं दुकान आहे, पण मी एक गोळी खात नही. बीपी नही, शुगर नही. विचार हिले."

रंजितानं मान हलवली. रक्त काढलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार होता. रात्रीच्या जेवणाला ललितनं ताट ढकलून विचारलं, "माझं दुकान सोडून लोकांच्या दवाखान्यात कशाले गेल्या? लोक काय म्हणतीन?" मनकर्णा म्हणाली, "लोक म्हणतीन, याची आई अजून जित्ती आहे."

शुक्रवारी डॉक्टरनं कागद पुढे ठेवला.

"मॅग्नेशियम फार कमी आहे तुमच्या रक्तात. त्यामुळे कॅल्शियमही खाली आलंय. वांब, बोटं वळणं, टिचकीनं ओठ उडणं, छातीची धडधड, हे त्यानंच. झोप न लागणं, उगाच भीती वाटणं, दचकणं, त्यातही याचा हात असू शकतो. सगळी भीती यानंच असते असं मी म्हणणार नाही. पण आधी हे भरून काढू, मग काय उरतं ते बघू."

मनकर्णा तिच्याकडे बघतच राहिली. मग एकदम हसली, कडवट. "मॅग्नेशियम? माझ्या बागेत त्याच्या चार पिशव्या पडल्यात! मी झाडाले देते ना ते, पानं पिवळी पडली की. तिथलंच एक पेलाभर—"

"अजिबात नाही!" डॉक्टरनं पहिल्यांदा आवाज चढवला. "ते खत आहे. त्यात काय काय असतं देव जाणे. पोट असं बिघडेल की उठून बसता येणार नाही. दवाखान्यातलं वेगळं, शुद्ध, मोजून, शिरेतून, आणि छातीला मशीन लावून. कळलं?"

"कळलं, ओरडू नको."

"पण मला एक कळत नाही." डॉक्टरनं पेन फिरवला. "जेवण सांगितलं तुम्ही, ज्वारी, बाजरी, पालेभाजी, शेंगदाणे, डाळी. यात मॅग्नेशियम भरपूर असतं. जुलाब नाहीत, शुगर नाही. मग ते जातं कुठे?"

मनकर्णाच्या डोळ्यापुढे कडूनं आणलेलं पान आलं. कडा पिवळ्या, जमिनीत सगळं असूनही.

"जात नसंन कुठी," ती हळूच म्हणाली. "अंगाले लागतच नसंन. घेऊ देत नसंन कोणी. माझ्या पोटात कोणतं पोटॅश पडू राह्यलं, ते शोध तू."

मग मागं उभ्या असलेल्या रंजिताचा आवाज आला, इतका बारीक की डॉक्टरला पुढे वाकावं लागलं.

"आई... ती सकाळची?"

"कोणती?"

"चहाच्या आधीची. गॅसची."

"हट्! गॅसची गोळी काय औषध असते? ती तर सगळं गाव घेते!"

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. "कधीपासून घेता?"

"ललितनं दुकान टाकलं तेव्हापासून. सहा वर्षं. पाणी पितो तशी घेतो आम्ही. रोज सकाळी, उपाशी पोटी, एक. तिच्याशिवाय चहा उतरत नही."

"सहा वर्षं. रोज. आणि काल मी विचारलं तेव्हा म्हणालात, एकही गोळी खात नाही."

"आता ती काय गोळी आहे..."

"बाई, पोटातलं आम्ल दाबणारी ती गोळी काही आठवड्यांसाठी असते. कुणाकुणाला जास्त दिवस लागते, पण डॉक्टरच्या नजरेखाली. वर्षानुवर्षं घेतली की काही जणांच्या आतड्यात मॅग्नेशियम शोषलंच जात नाही. सगळ्यांना नाही होत. तुम्हाला झालं. आता ती बंद करू, पोटासाठी दुसरं काही देते. पहिले काही दिवस छातीत जळजळेल, तेव्हा परत तिच्याकडे धावू नका." मग तिनं रंजिताकडे पाहिलं. "तुम्ही पण घेता?"

रंजितानं सासूकडे पाहिलं नाही. "तीन वर्षं झाली. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. आई देतात. एक स्वतःले, एक मले."

मनकर्णाला ते रोजचं दिसलं. सकाळ, ओटा, पाकिटातून टचकन निघणाऱ्या दोन गोळ्या, आणि स्वतःचा आवाज, "घे वं, पोट साफ तर सगळं साफ." आणि दुपारी रंजिता जरा आडवी झाली की समोरच्या वैजयंतीच्या ओट्यावर बसून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "आमची नाटकी आहे. रात्री झोप नही म्हणते, पाय ओढतात म्हणते. आमच्या वेळी असे पाय कोणाले नव्हते."

संध्याकाळपर्यंत तिला सलाईनमधून औषध दिलं. छातीला तारा, शेजारी मशीनची टिकटिक. शनिवारी पुन्हा. ती पडून छताकडे बघत होती आणि तिच्या आत राग उकळत होता. पण आता तो नेहमीसारखा सरळ कुणावर जाऊन आदळत नव्हता. ललितवर जायचा आणि तिथून परत फिरून तिच्याकडेच यायचा. ते तिला मुळीच आवडलं नाही.

रविवारी शालिग्राम पेढ्याचा पुडा घेऊन आला. ललितनं खुर्च्या लावल्या. रंजितानं चहा आणला. शालिग्राम बसता बसता म्हणाला, "वहिनी, तब्येत कशी आता? काही टेन्शन घेऊ नका. बाग माझ्या हाती सुखरूप."

मनकर्णा आतून आली आणि कडूनं आणलेलं पान तिनं पेढ्यांच्या पुड्यावर पसरलं. आता ते अर्धं वाळलं होतं, कडा तपकिरी.

"हे तुझ्या हातचं सुख. पंधरा दिवसात माझं पान जाळलं तू."

"पाणी कमी पडलं असंन..."

"पाणी!" तिनं टाळी वाजवली. "आता हे ऐक, ललित. याले पान कळत नही आन् तुले माणूस कळत नही. दोघं बी एकच गोष्ट करू राह्यले. झाड पिवळं पडलं, ओता पोटॅश. आई घाबरली, द्या झोपेची गोळी. जे अडवू राह्यलं ते कोणी पाह्यलं नही!" तिनं दवाखान्याचा कागद त्याच्या मांडीवर टाकला. "तुझं दुकान आहे ना? वाच."

ललितनं वाचलं. दोनदा वाचलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "आई, ती गोळी तर सगळेच घेतात. लोक कागद न आणता नेतात. आणि तूच मागितली होती, वैजयंतीकाकूनं सांगितली म्हणून."

"मागितली मी. दिली कोणी? सहा वर्षांत एकदा तरी विचारलं, आई अजून कशाले घेते म्हणून? गिऱ्हाईकाले विचारत नही ते नही, आईले बी नही?" तिचा आवाज फाटला. "आन् मले येडी ठरवून गावातल्या ऑटोवाल्याले सांगून आला. भिकारणीले बी असं कोणी अडवत नही!"

शालिग्रामनं चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, मी मग नंतर..."

"बस! जाऊ नको. तुझ्या समोरच बोलायचं आहे त्याले." ती लेकाकडे वळली. "म्हण. माझ्या आईचं डोकं ठिकाणावर होतं म्हण."

ललितनं मान वर केली नाही. "तुझं डोकं ठिकाणावर होतं, आई. चूक झाली."

"काकाले सांग."

"काका, बाग आईच पाहीन."

"आन् ऑटो स्टँडवर?"

"सांगतो."

"आत्ता. एकेकाले."

शालिग्राम पेढे तिथेच टाकून निघून गेला. ललित चपला घालायला लागला. मनकर्णाला वाटलं आता बरं वाटेल. छातीत जड असलेलं काहीतरी उतरेल.

रंजिता कप गोळा करत होती. तिनं ते सगळे परत टेबलावर ठेवले, जरा जोरातच.

"तुमचं तुम्ही म्हणवून घेतलं, आई," ती म्हणाली. "माझं कोण म्हणणार?"

ललित चप्पल हातात धरून थबकला.

"काय तुझं?" मनकर्णाला कळलं होतं, तरी तिनं विचारलं.

"तीन वर्षं मी पाय ओढतात म्हणून सांगू राह्यली. झोप येत नही म्हणून सांगू राह्यली. भीती वाटते, कोणाची ते कळत नही, म्हणून सांगतलं, तर तुम्ही ओट्यावर जाऊन गल्लीभर नाटकी म्हणलं मले. तुम्हाले पुलावर झालं तर रिपोर्ट आला. मले मोरीत बसून रडू येत होतं, त्याचा रिपोर्ट कोण काढीन?" ती थांबली नाही. "माझ्यात मॅग्नेशियम कमी निघो न निघो. ते वेगळं. पण मी नाटकी नव्हती."

मनकर्णाच्या जिभेवर उत्तर आलं. नेहमी येतं तसं, धारदार, तयार. तिनं ते तोंडात फिरवलं, आणि कडवट काढा गिळावा तसं गिळलं. ललित बघत होता. त्याच्या डोळ्यात तिला तोच प्रश्न दिसला जो मघाशी तिनं त्याला विचारला होता. म्हण. सगळ्यांसमोर म्हण.

ती उठली, पदर खोचला आणि दारातून तरातरा समोरच्या ओट्याकडे गेली. वैजयंती तिथं लसूण सोलत बसली होती, शेजारच्या दोघी बायका होत्याच.

"वैजयंती!" मनकर्णा रस्त्यातूनच ओरडली. "आमची रंजिता नाटकी नही. मी म्हणत होते ना? खोटं होतं ते. तिचं खरंच दुखत होतं, आन् मीच रोज सकाळी दुखणं तिच्या हातावर ठेवत होते. ऐकलं? नसंन ऐकलं तर परत सांगते!"

वैजयंतीच्या हातातला लसूण हातातच राहिला. "काय झालं वं? कोणतं दुखणं?"

"गॅसची गोळी."

"अगं बाई, ती तर मी बी घेते. बारा वर्षं झाली." वैजयंती हसली. "ती काय गोळी आहे?"

मनकर्णानं डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा तिला शिवी सुचली नाही. "उद्या रंजितासंगे दवाखान्यात जायचं," ती शेवटी म्हणाली. "दोघींनी. रक्त तपासायचं. आन् डॉक्टरणीनं काय घेता विचारलं, की आधी तीच सांगायची. समजलं?"

दुपारी स्टँडवर तोच नवा ऑटोवाला होता. ललितनं त्याला सांगितलेलं दिसत होतं, कारण त्यानं काही न बोलता ऑटो चालू केला. मनकर्णा बसली, आणि शेजारी रंजिता बसली. ती अजून रागातच होती, खिडकीबाहेर बघत. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि नको ये म्हणायची मनकर्णाची टाप नव्हती.

पुलावर मध्यावर आल्यावर छातीत ते पुन्हा फडफडलं. थोडंसं, पहिल्याइतकं नाही. डॉक्टरनं सांगितलंच होतं, एका दिवसात जाणार नाही. मनकर्णानं समोरची दांडी घट्ट धरली. रंजितानं तिच्याकडे न बघताच तिच्या मुठीवर हात ठेवला.

ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं. "बाई, थांबवू का?"

"थांबवून तर पाह्य," मनकर्णा म्हणाली. "केळी पिवळ्या पडू राह्यल्या तिकडे."